कमरेवरचा हात

तात्या, आज एका मुलीने माझा गुडघा मोजला. पंचविशीच्या आतली असेल, केस मानेवर कापलेले, बोलायला गोड. गेलं वर्षभर जिना चढताना मी कठडा धरून उभी राहते हे मुलाच्या लक्षात आलं आणि त्याने मला नगरला तिच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. तिने आधी मला पाठीवर निजवून टाच ओढून घ्यायला लावली आणि आकडा लिहिला. मग टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवलं, पुन्हा आकडा लिहिला. मग म्हणाली, "आजी, आता पालथ्या झोपा." शहात्तराव्या वर्षी बाईला पालथं व्हायला किती वेळ लागतो ते तिला तेव्हा कळलं असेल. मी एकदाची पालथी झाले, तिने घोटा धरून पाय मागे वाकवला, आणि तिचा दुसरा तळहात माझ्या कमरेवर आला. सरळ आला, काही विचारणं नाही, संकोच नाही. "आजी, कंबर उचलू नका."

"मी उचलत नाही गं, आपोआप उठते," मी म्हणाले.

"सगळ्यांचीच उठते," ती म्हणाली, आणि हात दाबून धरला.

मला रडू आलं. ती बिचारी घाबरली, फार दुखलं का आजी म्हणाली, पाणी आणून दिलं. मी तिला तसंच समजू दिलं. म्हाताऱ्या माणसाने रडायचं तर गुडघ्याचं निमित्त बरं असतं, कोणी जास्त विचारत नाही. पण ती जे वाक्य बोलली ते तुमचं वाक्य होतं, तात्या. अक्षरन्‌अक्षर तुमचं. तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि साठ वर्षांपूर्वी जो हात माझ्या कमरेवर पडायला हवा होता तो आज पडला. म्हणून लिहायला बसले आहे. पाय खाली पाटावर ठेवले आहेत. कोणता पाट ते पुढे सांगते.

तुम्ही मूळचे चित्रकलेचे मास्तर. शाळा सोडून लढाईच्या दिवसांत भिंगारच्या छावणीतल्या दवाखान्यात नोंदी ठेवणारे कारकून झालात, तेव्हा आईला ते मुळीच पटलं नव्हतं. पोरांना फुलं-पानं शिकवणारा माणूस, तो शिपायांच्या ढुंगणापायांच्या नोंदी ठेवणार, असं ती शेजारणीला म्हणालेलं मी ऐकलं आहे. पण तिथल्या मालिशखात्यात गुडघे मोजण्यावरून रोज वाद व्हायचे. एकच गुडघा, सकाळी एकाने मोजला तर ऐंशी अंश, दुपारी दुसऱ्याने मोजला तर शंभर. तुम्ही कोपऱ्यात वही घेऊन बसलेले असायचात आणि नुसत्या डोळ्यांनी सांगायचात की हा शंभर नाही, ब्याण्णव आहे. दोन-चारदा तुमचंच बरोबर निघालं आणि मोठ्या डॉक्टरसाहेबांनी मोजायचं काम तुमच्याकडेच सोपवलं. तुम्ही तिन्ही प्रकारे मोजायचात, पाठीवर, बसून आणि पालथं घालून, आणि वहीत तिन्हींचे वेगळे रकाने पाडले होते. घरी जेवताना तुम्ही आम्हांला ते समजावून सांगायचात. मांडीची मोठी शीर वर कमरेला आणि खाली नडगीला बांधलेली असते, कपडे वाळत घालायची दोरी दोन खुंट्यांना असते तशी. माणूस बसला की वरची खुंटी जवळ येते, दोरी सैल पडते, गुडघा खुशाल वाकतो. पालथा पडला की दोन्हीकडून ताण बसतो. मग खरं कळतं की सांधा धरला आहे की शीर आखडली आहे. आई पोळी वाढता वाढता म्हणायची, "अहो, जेवताना तरी खुंट्या नकोत."

माझा पाय मोडला तो त्याच दिवसांत. दिवाळीनंतर आजोळहून येताना लष्करी लॉऱ्यांची रांग समोरून आली, घोडं बुजलं आणि टांगा नाल्यात गेला. मांडीचं हाड मोडलं. दोन महिने नगरच्या दवाखान्यात पाय वजनाला टांगून मी छताच्या तुळया मोजल्या, पुढे प्लास्टर, आणि ते निघालं तेव्हा पाय होता पण गुडघा माझं ऐकेना. मी बारा संपून तेराव्यात होते. तुम्ही सागवानाच्या दोन पट्ट्या तासल्या, तुमच्या जुन्या कंपासपेटीतला पितळी कोनमापक त्यांच्या सांध्यावर रिबिटाने बसवला आणि माझ्यासाठी घरचं माप तयार केलं. दवाखान्यातलं लोखंडी माप सरकारी, ते तुम्ही एकदाही घरी आणलं नाहीत. पहिल्या रविवारी स्वयंपाकघरात सतरंजी घालून मोजलंत. पाठीवर नव्वद, बसून पंचाण्णव, पालथी पंचावन्न. "सांधा मोकळा आहे," तुम्ही म्हणालात, "शीर आखडली आहे. सुटेल." तुमच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की मला वाटलं, पुढच्या रविवारीच सुटेल.

आता त्या स्वयंपाकघरातल्या मोजणीचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं आहे. मी नुकतीच न्हातीधुती झाले होते. दवाखान्यात तुम्ही शिपायाच्या कमरेवर तळहात दाबून मग आकडा वाचायचात. पण घरात, वयात आलेल्या मुलीच्या कमरेवर बापाने हात ठेवायचा नाही, हे तुम्हांला कोणी सांगावं लागलं नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहता, आई मला पालथी निजवते, कमरेपासून मांडीपर्यंत चादर घालते, गुडघ्याच्या वर वीतभर जागा उघडी ठेवते. मग तुम्ही वळता आणि म्हणता, "अगं, तू हात ठेव कमरेवर." आई हात ठेवते. तुम्ही पट्टी लावता ती चादरीबाहेरच्या वीतभर मांडीला. चादरीखाली काय चाललं आहे ते बघत नाही. दुसऱ्या कुठल्या बापाने ते पाहिलं असतं असं मला वाटत नाही. माझ्या सगळ्या लबाडीला तुमच्या मर्यादेने जागा करून दिली, हे लिहिताना आजही हात थांबतो.

कंबर उचलली की गुडघा जास्त वाकतो हे मला तुमच्याकडूनच कळलं. एका रविवारी मोठ्या साहेबांनी माझा पाय बघायचं कबूल केलं होतं, म्हणून तुम्ही मला मालिशखात्यात नेलं होतं. पडद्याच्या अलीकडे मी कुबडी घेऊन बाकावर बसले होते, पलीकडे टेबलावर पारनेरकडचा एक शिपाई पालथा पडला होता. मोटारीवरचा ड्रायव्हर. गुडघ्याच्या वर गोळी लागून गेलेली. पुन्हा मोटारीवर घेतात की घरी पाठवतात ते तुमच्या आकड्यांवर ठरायचं होतं.

"मास्तर, मोटार काय पालथं पडून चालवायची हाय व्हय?" तो म्हणत होता. "बसून मोजा की. बसून माजा गुडघा झ्याक वाकतोय."

"बसूनचा लिहिला आहे. आता पालथ्याचा. कंबर खाली."

"मी न्हाई उचलत, आपोआप उठतीय."

"सगळ्यांचीच उठते. उठली की शीर सैल पडते, गुडघा जास्त वाकतो आणि आकडा खोटा येतो. खाली घे."

"लई जड हात हाय वो तुमचा," तो म्हणाला आणि कण्हला. मला तेव्हा हसू आलं होतं.

तोच शिपाई पुढच्या आठवड्यात पास काढून आपल्या दारात आला होता. टॉवेलात बांधून बोरं आणली होती. "मास्तरीणबाई, रानातली हायती, पोरीला द्या," म्हणाला आणि आईच्या हातात देऊन गेला. मी ओंजळभर खाल्ली. तुम्ही आलात, टॉवेल कोणाचा ते विचारलंत आणि तुमचा चेहरा बदलला. आई म्हणाली, पोरीने चार बोरं खाल्ली त्यात काय एवढं. तुम्ही मला कुबडीसकट बाजारात नेलंत, ओंजळभर बोरं घेतलीत, त्या टॉवेलात भरलीत आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालवत नेऊन माझ्याच हाताने त्याला परत करायला लावलीत. तो ओशाळला. येताना तुम्ही मला म्हणालात, "अंश म्हणजे बोरं नाहीत, मूठभर इकडची तिकडे करायला." त्याचा पालथ्याचा आकडा जो आला तो तुम्ही लिहिलात आणि त्याला मोटारीवरून काढून गावी पाठवलं. तो जाताना तुमच्या पाया पडून गेला, हे तुम्हीच घरी सांगितलंत, आणि त्या दिवशी जेवला नाहीत.

साहेबांनी माझा पाय पाहून काय सांगितलं ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी ते स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. तुम्ही आईला सांगत होता की मे महिना संपेपर्यंत पालथ्याचा आकडा ऐंशीच्या पुढे गेला तर ठीक, नाही तर साहेब स्वतः भूल देऊन शीर सोडवतील, गुडघा पुरता वाकवतील. त्यानंतर त्यांची बदली आहे. असा हात पुन्हा मिळायचा नाही. आई म्हणाली, "भूल?" आणि मग बराच वेळ नुसता भाकरी थापण्याचा आवाज आला. तिचा धाकटा भाऊ क्लोरोफॉर्मवरून उठला नव्हता. हे घरात कोणी बोलायचं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, तो काळ वेगळा होता. ती म्हणाली, "माझ्यासाठी एकच काळ आहे." मी दाराआड उभी होते आणि माझ्या कानात एकच गोष्ट घुमत होती. भूल देऊन एकदम वाकवतात तेव्हा आतून आवाज येतो, असं त्या शिपायाने टेबलावर जायच्या आधी माझ्या शेजारी बाकावर बसून मला सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी मी कंबर उचलली. पहिल्यांदा ती खरोखरच आपोआप उठली, एवढं तरी खरं माना. आईचा हात वर होता, तोही माझ्या कमरेबरोबर वर आला. तिला कळलं. तिने दाबलं नाही, चुलीकडे बघत राहिली. तुम्ही पट्टी लावलीत, चष्मा सरकवून आकडा वाचलात आणि म्हणालात, "अडुसष्ट." तुमचा आवाज बदललेला मला पालथ्या पालथ्या ऐकू आला. त्यापुढचे सगळे रविवार मी चादरीखाली चार बोटं वर होते आणि आईचा हात माझ्यावर तरंगत होता. बहात्तर, पंचाहत्तर, एकोणऐंशी. मेच्या तिसऱ्या रविवारी त्र्याऐंशी आले. तुम्ही पट्ट्या खाली ठेवल्यात आणि सतरंजीवरच बसून राहिलात. मग उठून बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून आलात की भूल द्यायची गरज नाही. साहेबांनी तुमच्याशी हात मिळवला म्हणे. तुमच्या मोजण्यावर त्यांचा एवढा भरवसा की त्यांनी स्वतः पुन्हा पाहिलंसुद्धा नाही.

आठवड्याने तुम्ही नगरहून पाट घेऊन आलात. शिसवी, कडेला पितळी फुलं ठोकलेला. घरात माझ्या पाटाएवढा नवीन पाट कोणाचाच नव्हता. मी पंगतीत तुमच्या शेजारी मांडी घालून बसणार, म्हणून तो आणला होता. जूनमध्ये साहेब गेले. मी पाटावर बसायला लागले ती अशी, एक पाय दुमडलेला आणि एक पुढे ताणलेला, ताट बाजूला. तुम्ही रोज म्हणायचात, येईल, सवय नाही म्हणून. श्रावणात एका सोमवारी उपास सोडायला सगळे बसलो, माझा ताणलेला पाय खिरीच्या वाटीला लागला आणि वाटी उलटली. मी पाय ओढून घ्यायला बघत होते, तो येत नव्हता, आणि तुम्ही ते पाहत होता. जेवण झाल्यावर तुम्ही म्हणालात, "पालथीचे त्र्याऐंशी आहेत, मग एवढा ताण कसा राहतो? ये, मोजू."

मी तेव्हा ठरवलं, तात्या. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, बोरांचा दिवस मी विसरले नव्हते. पण कंबर उचलायची नाही एवढं मला जमण्यासारखं होतं. आकडा खरा येईल, तुम्हांला कळेल, तुम्ही मला माराल, आणि सुटेल सगळं. मी पोट सतरंजीला घट्ट टेकवून पडले. आईचा हात आला. तुम्ही पट्टी लावलीत. मग पट्टी काढून पुन्हा लावलीत. रिबिट सैल झाली का बघितलंत. चष्मा पुसलात. तिसऱ्यांदा मोजलंत आणि हळूच म्हणालात, "बासष्ट." मी वाट बघत होते. तुम्ही म्हणालात, "इतके रविवार मी चुकीचं वाचत होतो." असं तुम्ही आईला म्हणालात, मला नाही. माझा कबुलीजबाब तुम्ही स्वतःच्या नावावर लिहून घेतलात. मी तोंड सतरंजीत खुपसून तशीच पडून राहिले, आणि माझा पाय आता जन्मभर असाच राहणार हे त्या वेळी मला फारसं लागलं नाही. तुमचा आवाज लागला.

त्यानंतर तुम्ही मोजणं सोडलंत. दवाखान्यात अर्ज देऊन कोठीचं काम मागून घेतलंत, चादरी आणि बाटल्या मोजायला. कोणी विचारलं तर डोळे अधू झाले म्हणायचात. डोळे चांगले होते. नगरला जाताना वाटेत टेकडी दिसली की तिचा उतार किती अंशांचा ते तुम्ही मला सांगायचात, ते बंद झालं. लढाई संपली, दवाखाना आवरत आला, आणि एका सकाळी तुम्ही मला म्हणालात, चल, पारनेरकडे जायचं आहे. पिशवीत सागवानी पट्ट्या होत्या. मला वाटलं, कोणी वैद्य असेल.

सर्व्हिस मोटारीने उतरून दोन मैल चाललो, माझ्या पायाच्या चालीने. त्या शिपायाचं घर रानात होतं. तो बैलाला पाणी दाखवत होता, मास्तर म्हणून धावत आला, खांद्यावरचं घोंगडं अंथरलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. तुम्ही चहा घेतला नाहीत. तुम्ही म्हणालात, "तुझा गुडघा पुन्हा मोजायचा आहे. तेव्हा माझं चुकलं असेल. चुकलं असेल तर मी वर लिहून कळवीन."

तो तुमच्याकडे बघत राहिला. मग घोंगड्यावर पालथा झाला. तुम्ही त्याच्या कमरेवर हात दाबलात. मोजलंत. पिशवीतून जुन्या वहीतला उतरून आणलेला कागद काढलात. दोन अंशांचा फरक होता, तोही त्याचा पाय आता थोडा सुधारला म्हणून.

"बरुबर हुतं का मास्तर?" त्याने पडल्या पडल्या विचारलं.

"बरोबर होतं."

"मला ठावं हुतं. तुमी कशाला चुकताय. माजाच गुडघा तसला, त्याला कोन काय करनार?" तो उठून बसला, धोतर झटकलं. "आता च्या घ्या की. पोरीला बोरं देऊ का, का परत बाजारातनं आनून भरशीला?"

तुम्ही चहा घेतलात. मी बोरं खाल्ली नाहीत. तुमच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही येईल म्हणून मी पाहत होते, ते आलं नाही. मला तेव्हा समजलं नाही, पुढे कितीतरी वर्षांनी समजलं. तिथे तुमचा हात बरोबर होता, वाचन बरोबर होतं, पट्ट्याही त्याच होत्या. मग घरीच कसं चुकलं? परतीच्या मोटारीत तुम्ही खिडकीशी बसला होता. मैलभर गेल्यावर माझ्याकडे न बघता विचारलंत, "त्या वेळी आईचा हात असायचा ना गं कमरेवर? नीट?"

मी म्हणाले, "असायचा."

एवढंच. खोटं नव्हतं ते. हात असायचा. मी पुढचं वाक्य बोलले असते तर ते तिथेच, त्या धुळीच्या रस्त्यावर संपलं असतं. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा बाहेर बघायला लागलात. घरी आल्यावर आईला एक शब्द बोलला नाहीत. पण त्यानंतर कुठे बाहेर पडायचं झालं आणि आईने दाराला कुलूप लावलं, की तुम्ही दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर जायचात आणि ते एकदा ओढून बघायचात. आधी तुम्ही असं कधी केलं नव्हतं. तिने मापट्याने तांदूळ काढले की तुम्ही येऊन पातेल्यात डोकवायचात. मला औषधाचे थेंब द्यायचे तर चमचा स्वतःच्या हातात घ्यायचात. रागाने नव्हे, सहज. आई एकदाच म्हणाली, मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेन. कुलूप ओढून तुम्ही खाली आलात आणि ती शांतपणे म्हणाली, "अजून एकदा ओढा. सुटलं तर मला सांगा." तुम्ही हसलात. मी माझी चप्पल बघत उभी होते.

माझं तसं काही वाईट झालं नाही, निम्मंअर्धं तुम्हीही पाहिलंत. शेवगावला मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं भूमिती शिकवली, उभ्याने. बघायला आलेल्या तीन ठिकाणच्या लोकांना पाटावर न बसणारी मुलगी चालली नाही, चौथा टेबलावर जेवणारा निघाला. कोन काढून दाखवताना माझा हात तुमच्यासारखा चालतो असं मीच मनात म्हणायचे. तुम्ही अंथरुणाला खिळलात त्या चार महिन्यांत तुमची एक बाजू गेलेली होती आणि मी रोज तुमचा गुडघा वाकवायचे, टाच हळूहळू ओढून, सांधा धरू नये म्हणून. तुम्ही छताकडे बघत असायचात. आई उशाशी बसलेली असायची. तिच्यासमोर कसं सांगू म्हणून राहिलं, आणि ती पाणी आणायला आत गेली की आता कशाला म्हणून राहिलं. एके दिवशी तुम्ही चांगल्या हाताने माझ्या मनगटाला धरलंत आणि पालथा हात करून दाखवलात. पालथं घाल, असं म्हणत होता. तुम्हांला तेवढ्यातही तिसरा रकाना रिकामा नको होता. मी म्हणाले, उद्या घालू. तो उद्या आला नाही.

तुम्ही गेल्यावर आई नऊ वर्षं होती. माझ्याकडेच होती. मी सुटीच्या दिवशी तिला देवळात न्यायचे. ती कुलूप लावायची, दोन पायऱ्या उतरायची, आणि थांबायची. मग परत वर जाऊन ते स्वतःच ओढून बघायची. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. "काय गं?" तिने विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, चल, आरती निघून जाईल."

म्हणून आज लिहिलं. तुमच्या पट्ट्यांच्या त्याच पेटीत घडी करून ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार. तुमचा आकडा एकदाही चुकला नव्हता, तात्या. तुम्ही वाचलंत ते बरोबर वाचलंत, मी कंबर उचलून पडले होते.

आणि वर जे लिहिलं आहे ते मी आत्ता पुन्हा वाचलं. आईला कळलं होतं, तिने मुद्दाम दाबलं नाही, असं मी सरळ लिहून टाकलं आहे. गेली साठ वर्षं मी ते तसंच धरून चालले. पण मी पालथी होते, माझं तोंड सतरंजीत होतं. ती चुलीकडे बघत होती हे मला कसं दिसणार? तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी तिला एकदाही विचारलं नाही. कुलूप मात्र ती नेहमी नीट लावायची.